डिंगी नौकेच्या शिडाची व दोर-तारांची निगा

डिंगी नौकेच्या शिडाची व दोर-तारांची निगा म्हणजे वाऱ्यावर चालणाऱ्या लहान, उघड्या नौकेचे शीड, डोलकाठी, ती उभी धरणाऱ्या तारा आणि शीड हाताळण्याचे दोर यांची झीज रोखण्यासाठी नियमितपणे केली जाणारी कामे होत. डोलकाठीच्या तारा आणि शिडाचे दोर यांना एकत्रितपणे रिगिंग म्हणतात. ऊन, शिडाची फडफड, घर्षण आणि क्षार ही झिजेची चार प्रमुख कारणे मानली जातात. यांपैकी ऊन व क्षार यांचे काम नौका किनाऱ्यावर उभी असतानाही चालूच राहते. त्यामुळे क्वचित वापरली जाणारी, पण उघड्यावर ठेवलेली नौका नियमित वापरातील नौकेपेक्षा लवकर निकामी होऊ शकते. हा धोका समुद्रकिनाऱ्यापुरता मर्यादित नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांसारख्या उष्ण, कोरड्या प्रदेशातील जलाशयांवरही तो तितकाच असतो, मात्र तेथे त्याचे स्वरूप वेगळे असते.

नौकेचे भाग

डिंगीचे शीड डोलकाठी व तिला तळाशी काटकोनात जोडलेली बूम ही आडवी काठी यांच्यामध्ये ताणले जाते. शीड वर चढवण्याच्या दोरास हॅलयार्ड, तर वाऱ्याच्या दिशेनुसार ते ओढून धरण्याच्या दोरास शीट म्हणतात. शीट हा शब्द कापडासाठी नसून दोरासाठी आहे, याबाबत नवशिक्यांचा नेहमी घोटाळा होतो. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या ताणतारांना श्राउड आणि नाळेकडे जाणाऱ्या पुढच्या तारेस फोरस्टे असे नाव आहे. शिडाचा आकार टिकवण्यासाठी त्याच्या मागील कडेच्या खिशांत बॅटन नावाच्या लवचिक पट्ट्या सरकवलेल्या असतात.

सर्व डिंगींची रचना सारखी नसते. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथे आराखडा केलेली ऑप्टिमिस्ट ही मुलांची नौका सुमारे २.३ मीटर लांब व ३५ किलोग्रॅम वजनाची असते. तिच्या डोलकाठीला ताणतारा नसतात आणि शीड लहान दोऱ्यांनी काठीला बांधलेले असते. ब्रूस कर्बी यांच्या लेझर नौकेतही ताणतारा नसतात. तिचे शीड मोज्याप्रमाणे डोलकाठीवर चढवले जाते. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आराखडा केलेल्या, निळ्या शिडांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एंटरप्राइझ नौकेत मात्र दोन शिडे आणि ताणतारांचा पूर्ण साज असतो. साहजिकच ऑप्टिमिस्टमध्ये बांधणीच्या दोऱ्या, लेझरमध्ये डोलकाठीचा सांधा आणि एंटरप्राइझमध्ये तारा व त्यांची टोके यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावरील होड्या, मचवे व गलबते यांची शिडे पूर्वी सुती कापडाची आणि दोर प्रामुख्याने काथ्याचे असत. सुती कापड ओले राहिल्यास त्यावर बुरशी धरते व ते कुजते. म्हणून शीड वाळवणे हा नौकेच्या नित्यक्रमाचा भाग होता. सुती जाळी व शिडे झाडांच्या सालींच्या किंवा काताच्या काढ्यात भिजवून टिकाऊ करण्याची रीतही अनेक देशांत होती. खैरापासून काढलेला कात याच कामासाठी भारतीय उपखंडातून ब्रिटनला निर्यात होत असे. तेथील मासेमारी नौकांच्या शिडांचा ओळखीचा तांबूस तपकिरी रंग अशा प्रक्रियेमुळेच येई.

वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश असला, तरी उत्तम शिडांच्या कापडाशी त्याचा संबंध दूरचाच राहिला. येथील कापूस मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ या नावाने विकला जाई. तो आखूड धाग्याचा असल्याने जाड सुतास योग्य होता. शर्यतींच्या नौकांच्या शिडांसाठी मात्र इजिप्तमधील लांब धाग्याच्या कापसास पसंती मिळे. १८५१ मध्ये इंग्लंडमधील शर्यत जिंकणाऱ्या ‘अमेरिका’ या नौकेची शिडे यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची होती, तर ब्रिटिश नौका तोवर जवसाच्या झाडापासून मिळणाऱ्या तागाचे कापड वापरत. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये पॉलिएस्टर धाग्याचा शोध लागला आणि १९५० च्या दशकात पॉलिएस्टर शिडांनी सुती शिडांची जागा घेतली. पॉलिएस्टर कुजत नाही व पाणी फारसे शोषत नाही. त्यामुळे कुजण्याची जुनी भीती संपली, पण ऊन हा नवा शत्रू ठरला.

महाराष्ट्रात शीडनौकानयनाचे मुख्य केंद्र मुंबई बंदर आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ मध्ये झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांतील शीडनौकानयनाच्या शर्यती मुंबईत झाल्या व फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. समुद्रापासून दूर पुण्याजवळील खडकवासला जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीडनौका चालवण्यास शिकतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागातही वल्हवण्यासोबत शीडनौकानयन शिकवले जाते.

झिजेची कारणे

ऊन : सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे कृत्रिम धाग्यांतील रेणूंच्या साखळ्या तुटतात व कापड ठिसूळ होते. नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमजोर होते. अरामिड धाग्यांचा टिकाव उन्हात त्याहूनही कमी असतो. उन्हाने खराब झालेले शीड दिसायला चांगले असू शकते. मात्र शिवणीचा दोरा नखाने ओरखडल्यावर तुटू लागला, तर कापडाचे आयुष्यही संपत आले आहे असे समजले जाते.

फडफड : पॉलिएस्टर शिडाच्या विणीत राळेचा लेप मुरवलेला असतो. त्यामुळे कापड ताठ राहते व तिरक्या दिशेने ताणले जात नाही. शीड वाऱ्यात मोकळे फडफडू लागले की हा लेप तडकतो, कापड मऊ पडते आणि शिडाचा आकार बिघडतो. किनाऱ्यावर शीड चढवून नौका तशीच उभी ठेवणे ही यामागची सर्वांत सामान्य चूक आहे. काही तासांच्या फडफडीने होणारे नुकसान अनेक दिवसांच्या प्रत्यक्ष वापरापेक्षा जास्त असू शकते.

घर्षण : शीड ताणतारांवर किंवा डोलकाठीच्या आडव्या आधारांवर घासले की तेथील शिवण प्रथम जाते. पॉलिएस्टरचे कापड घट्ट विणलेले असल्याने शिवणीचा दोरा त्यात रुतत नाही. तो पृष्ठभागावर उठून राहतो व प्रत्येक घासणीचा मार त्यालाच बसतो. दोर नेहमी एकाच कप्पीवर व एकाच ठिकाणी वळत असल्याने त्याची झीजही त्याच जागी साचत जाते.

क्षार व गंज : खारे पाणी वाळले की त्यातील क्षारांचे स्फटिक धाग्यांमध्ये उरतात. ते हवेतील ओलावा ओढून घेतात आणि दोर वाकताना आतून धागे कापतात. गंजरोधक पोलादही पूर्णपणे गंजमुक्त नसते. तारेच्या टोकावरील दाबून बसवलेल्या नळीत अडकलेल्या खाऱ्या पाण्यास हवा मिळत नाही आणि तेथे आतून गंज चढतो. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर पोलादी भाग बसवलेले असतील, तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते.

शिडाची निगा

नौका पाण्यात उतरवण्याच्या अगदी आधी शीड चढवणे आणि परत येताच उतरवणे हा पहिला नियम मानला जातो. थांबणे अपरिहार्य असल्यास शीड खाली घेऊन बूमला बांधून ठेवतात. 

वापरानंतर शीड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. वाळवताना ते वाऱ्यावर फडफडू न देता पसरून किंवा सैल टांगून ठेवणे आवश्यक असते. डागांसाठी कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ ब्रश पुरेसा ठरतो. धुण्याचे यंत्र, गरम पाणी व इस्त्री यांमुळे राळेचा लेप निघून जातो. विरंजक द्रावण नायलॉन व अरामिड धाग्यांना घातक असते.

लहान शिडे घडी न घालता गुंडाळून ठेवणे अधिक चांगले. गुंडाळताना बॅटन गुंडाळीच्या अक्षाला समांतर राहतील अशी काळजी घेतात, अन्यथा त्या वाकतात व खिशाच्या शिवणीवर ताण येतो. घडी घालावीच लागली, तर दर वेळी वेगळ्या ठिकाणी घालतात. एकाच रेषेवर वारंवार पडलेल्या मोडीपासून कापड चिरू लागते. पारदर्शक खिडकीच्या भागावर मोड येऊ देत नाहीत.

ज्या जागी शीड तारेला किंवा आडव्या आधाराला टेकते, तेथे चिकटकापडाचे ठिगळ आधीच लावून ठेवतात. ही जागा ठरवण्यासाठी नौका जमिनीवर असताना शीड चढवून दोन्ही बाजूंना झुकवून पाहतात. उसवलेली शिवण दोन-तीन टाक्यांची असतानाच दुरुस्त केल्यास काम घरगुती सुई व पॉलिएस्टर दोऱ्याने भागते. दुर्लक्ष झाल्यास एकाच जोराच्या झुळुकीत दोन पट्टे कडेपासून कडेपर्यंत विलग होऊ शकतात.

दोरांची निगा

दोराची झीज टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घासण्याची जागा बदलत राहणे. यासाठी हॅलयार्ड गरजेपेक्षा थोडा लांब ठेवतात व ठरावीक काळाने टोकाचा काही सेंटिमीटर भाग कापून गाठ पुन्हा बांधतात. त्यामुळे कप्पीवर नवा भाग येतो. दोराची टोके उलटी करूनही तोच परिणाम साधता येतो. कापलेले टोक वितळवून बंद करतात आणि त्यावर बारीक दोऱ्याचे वेढे घट्ट गुंडाळतात.

अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनपासून केलेले दोर वजनाने हलके, फार बळकट व उन्हात बऱ्यापैकी टिकणारे असतात. मात्र ते सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळतात आणि गुळगुळीत असल्याने त्यांच्यावर साध्या गाठी सरकतात. पॉलिएस्टरचा वितळणबिंदू २५० अंशांच्या वर असल्याने घर्षणाने तापणाऱ्या जागी त्याचे वेष्टन उपयोगी ठरते. कोणत्याही दोरात गाठ मारली की त्या ठिकाणी त्याची ताकद बरीच घटते. कायमच्या जोडासाठी म्हणूनच गाठीऐवजी दोर विणून फासा करणे पसंत केले जाते.

अनेकदा दोष दोराचा नसून कप्पीचा असतो. वाळूने अडकलेली, न फिरणारी कप्पी दोराला कानशीप्रमाणे घासते. कप्प्या गोड्या पाण्याने धुऊन त्या बोटाने फिरवून पाहणे हा नौका आवरण्याचा भाग मानला जातो. तेल किंवा ग्रीस लावल्यास धूळ चिकटून त्या अधिकच जाम होतात, म्हणून आवश्यक तेथे कोरडे वंगण वापरतात.

तारा, डोलकाठी व धातूचे भाग

ताणतारांसाठी १९ तंतूंची एकपदरी, ताठ तार वापरली जाते. कप्पीवरून जाणाऱ्या तारेसाठी अनेक बारीक तंतूंचे पदर असलेली लवचिक तार लागते. ताठ तार लहान कप्पीवर वापरल्यास वारंवार वाकून तिचे तंतू तुटतात. तुटलेला एक तंतूही तार बदलण्यास पुरेसे कारण समजला जातो, कारण त्याचा भार उरलेल्या तंतूंवर पडतो व तेही पाठोपाठ तुटू लागतात. तपासताना तारेवरून कापडाचा बोळा फिरवतात आणि जेथे तो अडकतो तेथे तंतू तुटलेला असतो. उघड्या हाताने ही तपासणी केल्यास हात कापतो.

तारेच्या टोकापाशी तपकिरी डाग, नळीवरील बारीक चीर किंवा शॅकलच्या पिनेचा वाकडेपणा ही बदलाची चिन्हे आहेत. सैल ताणतारा प्रत्येक लाटेबरोबर झटके देतात, तर अतिघट्ट तारा नौकेच्या सांध्यांवर भार टाकतात. झटक्यांमुळे धातूस येणारा थकवा हे डोलकाठी पडण्यामागील महत्त्वाचे कारण असते.

डोलकाठी आतून पोकळ असल्यास तिच्यातील पाणी निथळू देतात. पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये विद्युत्-रोधक लेप किंवा प्लॅस्टिकची चकती ठेवतात. लेझरच्या दोन तुकड्यांच्या डोलकाठीत वरच्या तुकड्यावरील रिव्हेटच्या छिद्रापाशी चिरा पडतात. म्हणून सांध्याची ही जागा प्रत्येक हंगामात पाहिली जाते.

वऱ्हाडातील परिस्थिती

मुंबईत शीडनौकानयनाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो व पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर घेतल्या जातात. तेथे खारट पाणी आणि दमट हवेतील बुरशी या मुख्य अडचणी असतात. वऱ्हाडातील मोठे जलाशय, उदाहरणार्थ मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर, बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथील काटेपूर्णा आणि सातपुड्याच्या पायथ्याचा वान जलाशय, हे गोड्या पाण्याचे आहेत. तेथे ठेवलेल्या डिंगीच्या झिजेची कारणे वेगळ्या क्रमाने येतात.

पहिले कारण ऊन व उष्णता हे आहे. अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान अनेकदा ४४ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उघड्यावर ठेवलेल्या शिडाचे व दोरांचे सर्वाधिक नुकसान याच काळात, म्हणजे जलाशय आटल्याने नौका फारशी वापरात नसताना होते. टिनाच्या बंद खोलीतही शीड सुरक्षित नसते. तेथील उष्णतेने ठिगळांचा डिंक सुटतो व पारदर्शक खिडक्या चिकटतात. जाड भिंतींची, हवा खेळती असलेली खोली त्यापेक्षा योग्य ठरते.

दुसरे कारण माती हे होय. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या काळ्या मातीची धूळ कप्प्यांत, बॅटनच्या खिशांत व दोरांच्या विणीत शिरते. नौका काठावरील चिखलातून ओढत नेल्यास जमिनीवर लोळणारे दोर मातीने भरतात. ते तसेच वापरल्यास क्षारांच्या स्फटिकांप्रमाणेच आतून झीज होते.

तिसरी बाब क्षारांचीच आहे, परंतु ते समुद्रातून येत नाहीत. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील भूजल खारट आहे. वान धरणाचे पाणी या पट्ट्यातील गावांना नळयोजनांद्वारे पुरवले जाते, यावरून तेथील विहिरींच्या पाण्याची स्थिती लक्षात येते. जलाशयाच्या गोड्या पाण्यात वापरलेले शीड घरी आणून अशा भागातील कूपनलिकेच्या पाण्याने धुतल्यास ते स्वच्छ होण्याऐवजी क्षारयुक्त होते. तारांच्या टोकांनाही त्यामुळे गंज चढू शकतो. अशा ठिकाणी जलाशयाचे निवळ पाणी, नळाचे पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरणे श्रेयस्कर ठरते.

वळवाच्या पावसापूर्वी अचानक सुटणारा सोसाट्याचा वारा हे फडफडीचे मोठे कारण असते. वावटळीची चिन्हे दिसताच काठावरील नौकांची शिडे उतरवावी लागतात. साठवणीच्या काळात उंदीर शीड कुरतडतात, वाळवी लाकडी बॅटन व जुनी सुती शिडे खाते आणि गांधीलमाश्या पोकळ डोलकाठीत घर करतात. शीड छताला टांगून ठेवणे व डोलकाठीची टोके जाळीने झाकणे हे यावरील साधे उपाय आहेत.

तपासणी

निगेची कामे पुढीलप्रमाणे विभागली जातात.

प्रत्येक वापरापूर्वी : शॅकल व पिना घट्ट आहेत का, ताणतारांची टोके, हॅलयार्डची गाठ, सुकाणूची बिजागरी.

प्रत्येक वापरानंतर : शीड व दोर धुणे, वाळवणे, कप्प्या फिरवून पाहणे, शिवणींवरून नजर फिरवणे.

दर महिन्याला : दोरांची घासण्याची जागा बदलणे, तारांवरून बोळा फिरवणे, ठिगळांची पाहणी.

हंगामाच्या शेवटी : डोलकाठी उतरवून संपूर्ण पाहणी, बॅटन बाहेर काढणे, शीड सैल गुंडाळून अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवणे.

सुरक्षितता

शीड फाटल्यास नौका थांबते, पण ताणतार तुटल्यास डोलकाठी नौकेतील माणसांवर पडू शकते. मोठ्या जलाशयात मध्यभागी असे घडल्यास काठापर्यंत परतण्यासाठी वल्हे हाच आधार उरतो. त्यामुळे डिंगीत वल्हे, पाणी उपसण्याचे भांडे, थोडा सुटा दोर व सुरी ठेवण्याची पद्धत आहे. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने अंगात घातलेले असणे आवश्यक मानले जाते. नौकेत नुसते ठेवलेले जाकीट उलटण्याच्या क्षणी हाती लागत नाही.

डोलकाठी उभी करताना वरील वीजतारांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ॲल्युमिनियमची डोलकाठी व पोलादी तारा वीजवाहक असतात आणि जलाशयांच्या काठी उपसा सिंचनाच्या पंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या असू शकतात. म्हणून नौकेचा साज चढवण्याची जागा वीजवाहिन्यांपासून दूर निवडतात. उभ्या डोलकाठीसह नौका गाड्यावरून ढकलत नेण्यापूर्वी पाण्यापर्यंतचा संपूर्ण मार्ग पाहून घेतला जातो.

हेसुद्धा पहा

शीड
डोलकाठी
ऑप्टिमिस्ट (नौका)
ऊर्ध्व वर्धा धरण
खारपाणपट्टा